आबांच्या दोस्तांकडे, नावेतून

त्या दिवसांत माझं मन कशातच लागत नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली की मी दाराशी जायची आणि दाराशी उभी राहिले की आत भाकरी करपायची. माय चुलीपासून ओरडायची, "कौतिका, ध्यान कोठे शे वं तुनं?" ध्यान कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्या चोळीत होतं, चार घड्या घातलेल्या एका सरकारी कागदात. धुळ्याच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या कामाचं शिक्षण देणार होते, राहणं-खाणं तिथेच, आणि सातवी पास झालेल्या मुली त्यांना हव्या होत्या. शाळेतल्या गुरुजींनी मला अर्ज लिहून दिला होता. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर आलं होतं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. शुक्रवार उजाडला तरी मी घरात कुणाला एक अक्षर बोलले नव्हते.

आमचं घर तापीच्या दक्षिण काठावर, घाटाच्या अगदी वर. आबांकडे गावची नाव होती. पैलतीरावरून कुणी तोंडाला हात लावून "हो ऽऽ नाव!" अशी हाळी दिली की घरातलं बोलणं तिथेच थांबायचं. जेवता जेवता आबा उठत, हात धुवत आणि उतरून जात. आम्हा भावंडांची सगळी वाढ त्या हाळीवर झाली. घरात डांबराचा, ओल्या दोराचा आणि दारात वाळत घातलेल्या मासोळीचा वास कायम असे. लग्न करून आलेल्या वहिनीला पहिल्या महिन्यात त्या वासाने मळमळायचं, पुढे तिलाही तो कळेनासा झाला. मला मात्र त्या वर्षी तो वास पुन्हा येऊ लागला होता. सातवी होऊन मला तीन वर्षं झाली होती. बरोबरीच्या साऱ्या मुली सासरी गेल्या होत्या आणि मी रोज घाटावर बसून या तीरावरून त्या तीरावर जाणारी माणसं बघत होते. जो तो कुठेतरी निघालेला असायचा. नाव जाई, नाव परत येई, आणि मी जिथल्या तिथे.

शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर आबा म्हणाले, "कौतिका, सकाय आपन नाव लिसन वर जाऊत. दोस्तस्ले भेटी येऊत."

मी मायकडे पाहिलं. मायने ताटातून मान वर केली नाही. आबा उगाच म्हणून कुठे गेलेले मी आजवर पाहिले नव्हते. माझ्या जन्मानंतर घाट सोडून त्यांनी गाठलेलं लांबचं ठिकाण म्हणजे बारा मैलांवरचं अमळनेर, तेही वर्षातून एकदा, दोर आणि खिळे आणायला.

"मी कसाले?" मी विचारलं.

"चाल म्हनस ना," आबा म्हणाले आणि उठले.

सकाळी मायने पेटीतलं हिरवं लुगडं काढून माझ्यासमोर ठेवलं. "आज हाई नेस." ते तिच्या माहेरचं, लग्नकार्याला नेसायचं लुगडं. नदीवर जायला हे कशाला, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला उत्तर कळल्यासारखं झालं होतं. तिने फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि कांदे बांधून दिले, माझ्या केसांना पुन्हा एकदा तेल लावलं आणि पदर नीट करताना माझ्या खांद्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवला. कागद मी चोळीत आणखी खाली सरकवला.

माझ्या थोरल्या भावाकडे, दगडूदादाकडे, लहान डोंगा होता, तो त्या दिवशी घाट सांभाळणार होता. मोठी नाव आबांनी काढली आणि तिच्यावर शीड चढवलं. या शिडाबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या भागात तसं दुसरं नव्हतं. आबा तरुणपणी दोन वर्षं सुरतेकडे कामाला होते. तिथे तापी समुद्राला मिळते आणि शिडाच्या होड्या वाऱ्यावर नदीत शिरतात. ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. परत आल्यावर त्यांनी मांजरपाट आणून स्वतः शीड शिवलं आणि नावेत एक बांबू रोवायची सोय केली. पुष्कळ वर्षं लोक हसले. तरी मावळतीचा वारा लागला की ते शीड नावेला प्रवाहाच्या उलट, उगवतीकडे ओढून न्यायचं, आणि परत येताना पाणी आपोआप खाली आणायचं. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि दसरा होऊन गेला तरी मावळतीचा वारा टिकून होता. पुराचा गढूळपणा खाली बसून पाणी हिरवट झालं होतं. दोन्ही काठांवर ज्वारी उभी होती आणि मधूनमधून फुटू लागलेला कापूस दिसत होता.

मला ती सकाळ सुंदर वाटायला हवी होती. आज वाटते. शीड भरल्यावर बांबू बारीक करकरायचा, नावेच्या पोटाखाली पाणी बोलायचं, एक बगळा किती तरी वेळ आमच्या पुढे पुढे उडत राहिला. आबा इतके निवांत बसलेले मी कधी पाहिले नव्हते. पाय पसरून, तंबाखू मळत. "सुकानू धर. नाक त्या निमकडे ठेव," एवढंच अधूनमधून बोलत. मी सुकाणू धरलं होतं पण मनात मोजत होते. आज शनिवार. उद्या रविवार. परवा सकाळी धुळे. अमळनेरहून एस.टी. मिळते हे गुरुजींनी सांगितलं होतं. अमळनेरपर्यंत पायी. म्हणजे उद्या पहाटे निघायला हवं. आणि इथे आबा तंबाखू मळत होते.

पहिला दोस्त नथ्थूनाना. या काठावरच, दोन कोसांवर, त्यांची भुईमुगाची शेती होती. त्यांनी लांबून शीड ओळखलं आणि गुडघाभर पाण्यात येऊन नावेचं नाक धरलं.

"ये ये, भाऊ! आज सूर्य कोनीकडे उगना?"

खळ्यात शेंगांचे ढीग पडले होते. नानांच्या बायकोने काट्याकुट्यांच्या जाळात शेंगा भाजल्या, वर गूळ दिला. शेंगांची टोपली घेऊन नानांचा पुतण्या आला. उंच, सावळा, धुतलेला सदरा घातलेला. शेतात काम करणाऱ्या माणसाने सकाळच्या वेळी धुतलेला सदरा का घालावा? त्याने टोपली ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला. मी शेंगा सोलत बसले, पण एकही तोंडात गेली नाही. पुढ्यात सोललेल्या दाण्यांचा लहानसा ढीग झाला. आबा आणि नाना खळ्याच्या पलीकडे बाभळीखाली जाऊन बसले होते. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता.

"मी तर म्हनस, तुयसीनं लगीन व्हयनं का उरकी टाक," नाना तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरून म्हणत होते. "पोरगी सतरानी व्हयनी. आखो उशीर करशी तर पस्तावशी."

आबांनी तळहातावरची तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "सोमवारना आत ठरावनंच पडी."

सोमवार! माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणजे आबांना कागदाचं कळलं होतं. मी जायच्या आत लग्न ठरवून मोकळं व्हायचं, म्हणून हे हिरवं लुगडं, म्हणून हा फेरा. घरोघर मला दाखवत नेत होते, आणि मी मूर्खासारखी स्वतःच सुकाणू धरून स्वतःला पोचवत होते.

आज पंच्याऐंशीच्या घरात पोचल्यावर मला वाटतं, तेव्हाच उठून बाभळीखाली जायला हवं होतं आणि विचारायला हवं होतं. चार पावलांचं अंतर. पण आमच्या घरात बापाला सरळ काही विचारायची रीत नव्हती, आणि बापाची सरळ काही सांगायची रीत नव्हती. मी शेंगांची टरफलं पदरात भरली, उकिरड्यावर टाकून आले आणि नावेत जाऊन बसले.

दुसरे दोस्त लतीफभाई पिंजारी. त्यांचं गाव पैलतीरावर, आणखी वर. सुरतेला आबा आणि ते एकाच खोलीत राहिले होते. आबांनी नाव तिरपी घालून नदी ओलांडली. मध्ये एका जागी पाण्याखाली खडकाचा लांबच लांब पट्टा होता, पाणी त्याच्यावरून खळखळत पांढरं होऊन जात होतं. तिथे आबा स्वतः उठले, बांबू टोचत नाव उत्तर काठाला चिकटवून त्यांनी पुढे काढली. "हाई जागा बेकार शे," ते म्हणाले. मी ऐकलं, पण मला त्याचं काय.

लतीफभाईंच्या दारात कापसाचे तंतू उडत होते. पिंजणाच्या तातीचा टणत्कार आम्ही आलो तसा थांबला. ते बाहेर आले, आबांना त्यांनी कवेत घेतलं. त्यांची मुलगी मुनिरा श्रावणात बाळंतपणात गेली होती. मुनिरा लहानपणी बापाबरोबर आमच्याकडे यायची, घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी सागरगोटे खेळलो होतो. ती गेल्यानंतर आम्ही आज पहिल्यांदा त्यांच्या दारात आलो होतो.

आत झोळीत तिचं बाळ होतं. मुनिराच्या आईने, चाचीने, कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून त्याच्या ओठांशी धरला होता. बाळ डोळे मिटून बोळा चोखत होतं. चाची म्हणाली, "घे बेटी, जरा धर." मी धरलं. ते इतकं हलकं होतं की मला भीती वाटली. त्याचं तोंड मुनिरासारखं होतं का, ते मला समजेना. मला फक्त एवढं समजत होतं की मुनिराचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि मी सतराची आहे आणि बाहेर आबा पुन्हा हळू आवाजात बोलत आहेत. मी बाळ परत दिलं, भाकरीचं फडकं नावेत राहिलं असं सांगितलं आणि बाहेर पडले.

काठापर्यंत मी चालत गेले. तिथून मात्र पळाले. दोर जांभळीच्या बुंध्याला बांधला होता, तो सोडला, नावेला खांदा लावून ती पाण्यात ढकलली आणि वर चढले. विचार असा होता की प्रवाह मला दुपारपर्यंत आमच्या घाटाच्याही खाली नेईल, तिथे अमळनेरची वाट नदीला लागते, तिथे नाव लावायची आणि चालू लागायचं. नाव कुणाला तरी सापडेल. आबांना ती परत मिळेल. एवढा आबांचा विचार मी केला होता. त्यापेक्षा जास्त केला नव्हता.

नाव जड होती. एकटीने वल्हवायची तर ती दोन माणसांची नाव. तरी प्रवाहाने ती घेतली आणि काठ मागे सरकू लागला. मला इतकं मोकळं वाटलं की मी मोठ्याने हसले. आबांनी शीड बांबूवरच नुसतं गुंडाळून ठेवलं होतं. घाईत बांबूचा दोर माझ्या पायात आला, मी तो झटकला, आणि गुंडाळी सुटली. वारा त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारखा शिडात शिरला. खालून पाणी मावळतीकडे ओढतंय, वरून वारा उगवतीकडे लोटतोय, आणि नाव मधल्यामध्ये आडवी फिरली. सुकाणू हातातून सुटलं. मी शीड ओढून धरायला धावले, दोराने तळहाताची साल काढली. पांढरं पाणी दिसलं तेव्हा उशीर झाला होता. खालून फाटल्यासारखा आवाज आला, नाव खडकावर चढून एका बाजूला कलली आणि मी बाहेर फेकली गेले.

पाणी कमरेइतकंच होतं. खडकाला नडगी आपटली. मी नावेच्या कडेला धरून उभी राहिले. शीड उभं फाटलं होतं आणि त्याची एक पट्टी पाण्यात लांबवर वळवळत होती. नावेच्या पोटात पाणी शिरत होतं. ज्या नावेवर आमचं घर चालत होतं ती नाव मी फोडली होती.

आबा आणि लतीफभाई काठाने धावत येताना दिसले. आबांनी पागोटं काढून फेकलं आणि ते पाण्यात शिरले, मागोमाग लतीफभाई. दोघांची साठी जवळ आलेली, पण ते पोरांसारखे हात मारत आले. आबा खडकावर चढले. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझा हात उलटा करून पाहिला, आणि मग वाकून ओंजळीने नावेतलं पाणी उपसायला लागले. लतीफभाईंनी आपली टोपी काढून तिने उपसायला सुरुवात केली. मीही लागले.  भोवताली पाण्याचा आवाज इतका होता की बोलायचं तर ओरडावं लागलं असतं.

नाव थोडी हलकी झाल्यावर आबा खडकावर बसले. श्वास लागला होता.

"कोठे निंघनी व्हती?"

मी चोळीतून कागद काढला. तो भिजून लगदा झाला होता. "धुयाले," मी म्हटलं. "तुमी मनं लगीन ठरावाले निंघनात ना? मी आयकं. सोमवारना आत ठरावनं शे म्हने."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "सोमवारना आत तुले धुयाले धाडनं का नई, हाई ठरावनं व्हतं," ते म्हणाले. "कागद गुरुजीस्नी मले वाची दाखाडा. तुले देवाना आगोदर. मले एकलाले समजे ना. तीन दोस्त शेतस मना. म्हटलं, तिन्हीस्ले इचारसू, मंग ठरावसू. नथ्थू म्हने, नको धाडू, लगीन करी टाक. लतीफना घर आते तेच बोलनं चालू व्हतं."

"मंग मले कसाले नई इचारं?" माझा आवाज इतका चढला की लतीफभाईंनी मान दुसरीकडे वळवली.

आबांनी ओल्या धोतराचा काठ पिळला. "तू तरी मले कोठे सांगं?"

  मी रडायला लागले, आणि रडताना नाव किती फुटली आहे तेही बघत होते.

लतीफभाई म्हणाले, "भाऊ, इसकू भेज दे. जो लडकी भरी नदीमें अकेली नाव छोड सकती, वो धुलेमें क्या डरेगी?" मग दुसऱ्याच आवाजात म्हणाले, "मेरी मुनिराके पास कोई पढेली होती तो..."  त्यांनी टोपीतलं पाणी फेकलं आणि पुन्हा उपसायला वाकले.

गावातली चार माणसं दोर घेऊन आली आणि त्यांनी नाव ओढून काठाला लावली. तळाच्या दोन फळ्यांमधली सांध उघडली होती. लतीफभाई म्हणाले, हे माझं काम. त्यांनी पिंजलेला कापूस तेलात भिजवून, पीळ घालून, लाकडी खुंटीने सांधेत ठोकायला घेतला. आबा म्हणाले, तोवर आपण अक्काकडे जाऊन येऊ. तिचं गाव अर्ध्या कोसावर होतं. मी लंगडत होते आणि लुगडं अंगावर वाळत होतं. आबा पुढे, मी मागे. तिसऱ्या दोस्ताला विचारल्याशिवाय त्यांना ठरवायचं नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं.

तिसरा दोस्त म्हणजे ठगूअक्का. त्या बाजूच्या पाच-सहा गावांची ती सुईण. रात्री-अपरात्री आबांनी तिला किती वेळा नदीपार नेलं असेल याची गणती नव्हती, त्यातूनच ती दोस्ती झाली होती. मी तिच्याच हातावर जन्मले. मला तिची धास्ती होती, कारण मी जे शिकायला निघाले होते ते तिचंच काम होतं. उद्या मी सरकारी पिशवी घेऊन आले तर हिला कोण बोलावणार? ती चिडेल आणि आबा तिचंच ऐकतील, असं मी वाटेत धरून चालले होते.

अक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिने पहिल्यांदा माझ्या पायाकडे पाहिलं. "जोडे ये. पाय दखाड." मी जवळ बसले, तिने आतून हळद आणि तेल आणलं. कढीचं पातेलं आणि वाफवलेले डाळीचे फुनके पुढे ठेवले आणि खा म्हणाली. दिवसभरात माझ्या पोटात गेलेलं ते पहिलं अन्न. मी खात होते आणि आबा सांगत होते. कागद, गुरुजी, नथ्थूनाना, लतीफभाई. नाव फोडल्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. "खडकवर चढनी," एवढंच म्हणाले.

अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि आपले दोन्ही हात आबांच्या समोर पसरले.

"भाऊ, मना हात देख."

बोटं थरथरत होती. थोडी नाही, चांगलीच. लसणाच्या पाकळ्या तिच्याभोवती का सांडल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

"दोन वरीस व्हयनात," अक्का म्हणाली. "कोनले सांगं नई. सांगं तर बाया कोनकडे जातीन? लतीफनी पोर मना हातमा गई. हात बरा ऱ्हाता तर ती वाचती का नई, देवले माहीत."

आबांनी विचारलं, "लतीफले माहीत शे?"

"त्याले मी सांगं. चाळीस दिवस व्हयनात तवय गऊ आनि सांगं. त्यानी आयकं. मले पानी पाजं आनि उठी गया."

 मग ती माझ्याकडे वळली. "तुले जानं शे का?"

त्या दिवसात मला हे विचारणारी ती पहिली. आणि विचारल्यावर मी हातातला फुनका परत खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला जायचं होतं ते घरातून, घाटावरून, त्या हाळीपासून. दवाखान्याऐवजी शिवणकामाच्या शाळेचा कागद आला असता तरी मी तशीच नाव सोडली असती. बाई कशी बाळंत होते, कशी मरते, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. आता झोळीतलं ते हलकं बाळ आणि हे हात एकदम समोर आले आणि मला वाटलं, नको, आपल्याला हे जमायचं नाही. अक्का वाट बघत होती. तिने मला घाई केली नाही.

"भ्याव वाटस," मी म्हटलं.

"वाटी. मले आजून वाटस." तिने हात पदराखाली घेतले. "जानं शे का, ते सांग."

"शे."

अक्काने आबांना म्हटलं, "धाड हिले. हिनं शिकनं व्हई तवपर्यंत मी कशी बी चालाडसू. मंग हिले आठेच ये म्हनो." शिकून मी इथेच परतायचं, अशी तिची अट. आबांनी मान हलवली. त्यांनी ठरवायला तीन माणसांना विचारलं होतं, आणि ठरलं ते एवढ्याशा मान हलवण्यात.

परत येताना शीड नव्हतंच. प्रवाह हळूहळू खाली नेत होता. सांधेतून थोडं थोडं पाणी झिरपत होतं, मी एका हाताने उपसत होते. आबा सुकाणूवर होते. मायने बांधलेल्या भाकरी भिजून गेल्या होत्या, त्यांचे तुकडे आबांनी माशांना टाकले. मला आता शांत वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. सकाळची तगमग एका गोष्टीची होती, आता दहा गोष्टींची होती. भिजलेला कागद ते चालवून घेतील का, तिथे माझं बोलणं कुणाला कळेल का, नाव दुरुस्त होईपर्यंत घाटावर काय करतील. मी आबांना म्हटलं, "नाव..." ते म्हणाले, "व्हई जाई." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "व्हई जाई." दुसऱ्यांदा ते कशाबद्दल म्हणाले, हे मी विचारलं नाही.

माय घाटावर उभी होती. तिला आबांनी खरंच सांगितलं होतं की पोरीचं ठरवायला चाललो आहे. काय ठरवायला, ते सांगितलं नव्हतं. "सोमवारे धुये," आबा नावेतूनच म्हणाले आणि दोर दगडूदादाकडे फेकला. सगळं कळल्यावर माय पायरीवर बसली, रडली, आबांना नाही नाही ते बोलली, रविवारभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आणि रविवारी संध्याकाळी मी बघते तर तिने दोन शेर ज्वारीच्या लाह्या फोडल्या होत्या. तिथे भूक लागली तर म्हणून.

सोमवारी आबा आणि मी एस.टी.ने धुळ्याला उतरलो. आबा त्या शहरात पहिल्यांदाच आले होते. दवाखान्याच्या कचेरीतल्या माणसाने तो लगदा झालेला कागद दोन बोटांनी उचलला, हसला आणि वहीत माझं नाव शोधून काढलं. आबांनी अंगठा उठवला. मग त्यांना काय करावं ते सुचेना. लाह्यांचं गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं, परत घेतलं, गाठ नीट आवळली, पुन्हा दिलं. "जास मंग," म्हणाले आणि निघाले.

मला वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून राहायला सांगितलं होतं. मेट्रनबाई येऊन नावं विचारणार होत्या. बाकावर आणखी चार मुली होत्या, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मी फाटकाकडे बघत होते. आबा रस्त्यावर आले, दोन्हीकडे पाहिलं आणि चालू लागले. ते उलट्या दिशेला चालले होते. एस.टी.चा स्टँड डावीकडे होता आणि ते उजवीकडे, भरभर, पागोटं सावरत, कुणालाही न विचारता. तापीचं प्रत्येक वळण डोळे मिटून सांगणारा माणूस.

मी गाठोडं बाकावर टाकलं आणि पळत सुटले. फाटकाबाहेर, सायकली आणि टांग्यांमधून, "आबा! आबा!" असं ओरडत. चौकात त्यांना गाठलं. दंडाला धरून वळवलं आणि हात लांब करून स्टँड दाखवला. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाय आते," ते म्हणाले. "त्या बाई चिडतीन."

ते बरोबर वाटेला लागेपर्यंत मी चौकात उभी राहिले. परत आले तेव्हा मेट्रनबाई वऱ्हांड्यात उभ्या होत्या, आणि माझं नाव विचारायच्या आधीच त्यांनी मला रागवायला सुरुवात केली.